मारव्याची वेळ टळली

प्रति,
माहेरची सर्व मंडळी,
कारंजा लाड, जि. वाशिम.



पत्राच्या सुरुवातीला खुशाली कळवायची आपली रीत. मी खुशाल नाही. गेल्या जानेवारीपासून एक गोष्ट घशात अडकून बसली आहे. फोनवर सांगायला गेले की आई म्हणते, "जाऊ दे ना वं, आपलेच लोक हायेत." आपलेच आहेत म्हणून तर लिहायला बसले. परक्यांनी केलं असतं तर विसरले असते. परक्यांचं विसरायची सवय मला वीस वर्षांत चांगलीच झाली आहे.

मी कारंज्याची, राहते न्यू जर्सीत, वाजवते सतार. हे सांगावं लागतं, कारण त्या संध्याकाळी निवेदकानं मला दोनदा गिटारवादक म्हटलं. तिसऱ्या वेळी खालून कुणीतरी ओरडलं तेव्हा त्यानं दुरुस्ती केली, "तेच ते, सतार!" तेच ते नाही, दादा.

कार्यक्रम कुणाचा, कुठल्या मैदानावर, ते मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि बाकीच्यांना नाव कळून करायचंय काय? तसले मांडव आपल्या सहाही तालुक्यांत पडतात. ऑक्टोबरात व्हॉट्सॲपवर निरोप आला होता: ताई, जिल्ह्याची लेक सातासमुद्रापार गेली, तुमचा सत्कार करायचा आहे आणि तुमचं वादनही ठेवू. त्यातलं ते 'आणि' मी तेव्हा नीट वाचलं नाही. मी विचारलं, वादन किती वाजता? म्हणाले, सहाला सुरू, तास-दीड तास तुमचाच. सहा म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं. मारवा.

मारवा सूर्य बुडतानाचा. पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जाला सहजी जायचं नाही. त्याच्याभोवती फिरत राहायचं, घरी पोचायला उशीर करायचा. परदेशात राहणाऱ्याला हा राग फारसा शिकवावा लागत नाही. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य साडेचारलाच बुडतो, म्हणजे मारवा चहाच्या वेळेला वाजवावा लागतो, खिडकीबाहेर बर्फ आणि खोलीत हीटरची घरघर. तीन महिने मी तो तसा वाजवला आणि रोज मनात म्हटलं, जानेवारीत हा त्याच्या खऱ्या वेळेला वाजेल, कारंज्याच्या आभाळाखाली. मी माझ्या पैशांनी तिकीट काढलं. नागपूरला उतरले, समृद्धी महामार्गानं दोन-अडीच तासांत घरी. लहानपणी नागपूर केवढं लांब होतं!

साडेपाचला एका शाळेच्या वर्गात बसून मी सतार लावली. मांडवातून टेस्टिंग, टेस्टिंग ऐकू येत होतं. वर्गाच्या खिडकीतून सूर्य दिसत होता. सहा वाजले, तो बुडाला. कुणी आलं नाही. पावणेसातला चहा आला. पावणेआठला दीपप्रज्वलन झालं. मग प्रास्ताविक, मग सत्तावीस जणांचे सत्कार. मोजले मी, दुसरं काम नव्हतं. माझा अठरावा. शाल, श्रीफळ आणि एक स्मृतिचिन्ह, त्यावर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा चिकटवलेला. बायकांनी साडीचोळी दिली, ओटी भरली. ओटी भरताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? मग 'अमेरिकेविषयी दोन शब्द' सांगायला लावले. शिस्त आणि स्वच्छता यांवर मी बोलावं अशी अपेक्षा होती. मी आपल्या शकुंतला गाडीविषयी बोलले, लोक हसले. ते बरं गेलं.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी निवेदक म्हणाला, "आणि आता ताईंच्या सतारीची एक झलक!"

साडेनऊला मारवा वाजवता येत नाही. कुणी म्हणेल, कोणाला कळणार होतं? मला कळणार होतं. मी बागेश्री वाजवायचं ठरवलं. पण सतार मारव्यात लागलेली. वरच्या तारांखाली तरफा असतात, माझ्या सतारीला तेरा. त्या वाजवायच्या नसतात, वरचा सूर लागला की आपण होऊन गुंजतात, म्हणून त्या रागाच्या स्वरांत लावून घ्याव्या लागतात. बागेश्रीला रिषभ शुद्ध, मध्यम शुद्ध, गंधार आणि निषाद कोमल. म्हणजे निम्म्याहून जास्त खुंट्या पुन्हा पिळायच्या, तेही थंडीत, उघड्या मैदानावर. मी खाली मान घालून तरफा लावत होते आणि निवेदक वेळ मारून नेण्यासाठी नवरा-बायकोचे विनोद सांगत होता. लावून झालं, मी मान वर केली, तर टाळ्या!

अशा टाळ्या एकदा न्यूयॉर्कलाही पडल्या होत्या. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसननं भरवलेला कार्यक्रम. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्यं लावून संपवली आणि हजारो माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर हसून म्हणाले होते की लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल. त्या गोऱ्या पोरांना ठाऊक नव्हतं, त्यांची चूक म्हणता येत नाही. पण त्या पोरांनी नंतर ऐकलं.

तुमच्याकडे मी आलाप सुरू केला. व्यासपीठाच्या मागं जनरेटर होता आणि त्याची घूं एका ठरावीक स्वरात चालू होती, माझ्या षड्जाला अजिबात न जुळणारी. तो जनरेटर सांभाळायला सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा होता. मी चढण्याआधी तो जवळ येऊन म्हणाला होता, "ताई, ह्याचा आवाज तुमच्या तारेत घुसून राह्यला. बंद करू का?" अख्ख्या मैदानात त्याच्या एकट्याच्या कानाला ते लागलं होतं. आयोजकांपैकी एकानं त्याला झापलं, लाइट जातील ना बे! खरंच गेले असते. पण मला ते बोलणं अजून आठवतं.

सात मिनिटं झाली असतील, मंद्रातून नुकती वर येत होते. चिठ्ठी आली: 'ताई, जरा फास्ट होऊ द्या.' मी फास्ट झाले नाही. अकराव्या मिनिटाला निवेदकानं माइक ओढला, "एक मिनिट ताई, साहेबांचं आगमन झालेलं आहे." मी हात थांबवला. साहेब आले, हार झाले, फोटो झाले, साहेबांचं भाषण झालं. तोवर मागं ऑर्केस्ट्रावाल्यांनी ड्रम मांडले होते. मला कुणी उठा म्हटलं नाही. पुन्हा वाजवा असंही म्हटलं नाही. मीच सतारीवर गवसणी चढवली.

अकोल्याहून तबलजी आणले होते. आलापात तबला नसतो, गत सुरू झाली की ठेका. गत सुरूच झाली नाही. तो माणूस दुपारपासून आला होता, हातोडीनं तबला लावून, पावडर लावून बसला होता आणि त्यानं संपूर्ण संध्याकाळ तबल्यावर एक थापही मारली नाही. मानधनाचं मी विचारलं तेव्हा मंडळी म्हणाली, "ताई, तुम्ही तर घरच्याच!" ऑर्केस्ट्राला आगाऊ रक्कम गेली होती, तो घरचा नव्हता. तबलजींचे पैसे मी गाडीत बसल्यावर दिले. घेताना ते खाली बघत होते. "होतं असं," एवढंच म्हणाले. त्यांचं ते 'होतं असं' मला जास्त लागलं.

आता म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय? बाई अमेरिकेत राहून नाजूक झाली. म्हणून तिकडचंही सांगते, कारण तुमच्या मनात तिकडचं जे चित्र आहे ते त्या स्मृतिचिन्हासारखं आहे, चिकटवलेलं.

मी २००४च्या ऑगस्टात गेले, नवऱ्याच्या नोकरीमागं. माझ्या पासपोर्टावर शिक्का बसला एच-४चा, म्हणजे नोकरदाराचा आश्रित. आश्रितानं पैसे कमवायचे नाहीत. कुणी शंभर डॉलर बिदागी देऊ केली तरी घ्यायची नाही, कायद्यानं मनाई. नवरा ग्रीन कार्डाच्या रांगेत, मी त्याच्या मागं. २६ मे २०१५ला नियम बदलला आणि रांगेतल्यांच्या आमच्यासारख्या बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. तोपर्यंत अकरा वर्षं मी देवळांत फुकट वाजवलं, मुलांना फुकट शिकवलं. आया डब्यात ढोकळा द्यायच्या. इकडे कारंज्यात सुटीला आले की वाड्यातल्या काकू विचारायच्या, "काय करतं वं तिकडं?" सतार वाजवते. "ते झालं. पण काम काय करतं?" मी हसून टाळायचे. दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी तेच हसणं.

परवाना आल्यावर काम मिळालं, ते कसलं? योगवर्गात शवासनाच्या वेळी वाजवायचं. एकदा तिथल्या बाईनं सांगितलं, जरा कमी उत्कटतेनं वाजवाल का, लोकांना झोप लागत नाही. रेस्तराँत वाजवलं, समोसे तळल्याच्या वासात. लग्नांत वाजवलं, जिथं पाहुणे दारूचे पेले घेऊन उभे असतात आणि सतार म्हणजे फुलदाणीसारखी कोपऱ्यात. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आठ मिनिटं मिळाली, एका नाटुकल्याच्या आणि फॅशन शोच्या मध्ये. तेव्हा तिकडच्यांना फार कळतं आणि तुम्हाला कळत नाही, असलं काही मी म्हणत नाही. अवहेलना तिकडंही भरपूर मिळाली. पण ती मनाला लावून घेतली नाही, कारण तिकडच्यांनी मला लेक म्हटलं नव्हतं.

आणि तिकडंच, गावच्या सार्वजनिक वाचनालयात, महिन्यातून एकदा मी वाजवते. लोखंडी खुर्च्या, वीस-पंचवीस माणसं, बहुतेक निवृत्त. एक म्हातारे गृहस्थ आहेत, पूर्वी रेल्वेत होते. एकदा मी दरबारी वाजवली. संपल्यावर ते पुढं आले आणि म्हणाले, तुमचा तो एक स्वर सरळ उभाच राहत नव्हता, हलत होता, तो चुकून की मुद्दाम? दरबारीचा आंदोलित गंधार! त्या माणसाला दरबारी हा शब्दही माहीत नव्हता. त्या दिवशी गाडी चालवत घरी येताना मला गुरुजी आठवले.

गुरुजींना तुमच्यातले पन्नाशीपुढचे लोक ओळखत असतील. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. वाड्याच्या माडीवर सहा मुलं शिकायची, चार पेटी, दोघी सतार. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना अकोल्याला जायचं. एसटीत सतार घेऊन चढलं की कंडक्टर म्हणायचा, ह्या बाईचं अर्धं तिकीट पडते. मग आम्ही शकुंतलेनं मूर्तिजापूर गाठायचो. ती झुकझुक एवढी सावकाश जायची की गुरुजी म्हणायचे, ही गाडी विलंबित एकतालात चालते. खिडकीतून कापसाचं शेत मागं जायचं, तेही घाई न करता. शकुंतला आता बंद आहे. माडी आहे, तिथं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गुरुजी गेले तेव्हा मला येता आलं नाही. आले असते तर परत जायला मुंबईच्या वकिलातीत शिक्का घ्यावा लागला असता, तारीख मिळाली नाही. जाऊ दे, ह्याचा दोष तुम्हाला नाही.

माझी पहिली सतार बाबांनी घेतली. जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे, पतसंस्थेचं कर्ज काढलं. मूर्तिजापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं मिरज, दिवस आणि रात्र. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला मिरज म्हणजे परदेशच. पण अख्ख्या देशाच्या मैफलींत जे तंबोरे आणि सतारी दिसतात त्यांतल्या कितीतरी त्या एका गल्लीतल्या. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तेव्हा, दीडशेहून जास्त वर्षं झाली, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं बनवायला घेतली आणि धार लावणारे हात तारेला झंकार देणारी जवारी काढू लागले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, शेतात खास वाद्यासाठी वाढवलेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बातमीचं कात्रण आईनं मला पाठवलं होतं, माझ्या सत्काराच्या कात्रणाच्या आधी दहा महिने.

२०११ साली विमानातून उतरताना माझ्या सतारीचा भोपळा तडकला. पेटीला उभी चीर, आत भोपळ्याला आडवी. त्या सुटीत मी ती मिरजेला नेली. कारागीर वयस्कर, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी कोण, कुठली, काय वाजवते, काही विचारलं नाही. गवसणी काढली, सतार मांडीवर घेतली, भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान खाली नेला. दांडीवर टकटक केलं, पुन्हा कान. बराच वेळ. मग म्हणाला, "बाई, ही थंड मुलखात राहते ना? घरात कोरडी गरम हवा असते?" लाकडाच्या आवाजावरून त्यानं माझा पत्ता सांगितला! तडा त्यानं असा बुजवला की आज दाखवायचा म्हटलं तर मलाच सापडत नाही. मला अजून वाटतं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक तेच होतं. माझं नव्हे, सतारीचं.

कौतुकाचं निघालंच आहे तर, इमरत खाँ साहेबांचं नाव तुम्ही ऐकलं असेल-नसेल. विलायत खाँचे धाकटे भाऊ, सुरबहार वाजवावी तर त्यांनी. अखेरची वर्षं अमेरिकेत, सेंट लुईसला, तिथल्या विद्यापीठात शिकवत गेली. २०१७ साली सरकारनं त्यांना पद्मश्री जाहीर केली तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी ती घेतली नाही. फार उशीर झाला, आपल्यानंतरच्यांना याहून मोठे मान देऊन झाले, असं त्यांचं म्हणणं. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात ते सेंट लुईसलाच वारले. थोरल्या भावानं तर पद्मश्री, पद्मभूषण आणि पद्मविभूषण, तिन्ही नाकारले होते. मला जोखणाऱ्यांना संगीत कळतं का, हा त्यांचा सवाल होता. विलायत खाँचं एक घर आमच्या न्यू जर्सीतच, प्रिन्स्टनला होतं. मार्च २००४ मध्ये ते मुंबईत वारले आणि मी ऑगस्टात न्यू जर्सीत पोचले. पाच महिन्यांची चुकामूक.

त्या दोघांची गोष्ट निराळी, ते पर्वत. पण ह्या वर्षभरात मला कळलं की ते नुसते रुसले नव्हते. ज्यानं ऐकलंच नाही त्यानं कौतुक केलं की वाजवणाऱ्याच्या अंगाची आग होते. त्यांनी पद्म किताब नाकारले. माझी ऐपत साधी शाल परत करायची झाली नाही. मी वाकून घेतली, नारळ पदरात घेतला, फोटोला हसले. फोटोत माझ्या मागं सतार उभी आहे, कुणीतरी तिच्या खुंटीला हार अडकवला आहे.

तुम्हाला ऐकताच येत नाही असं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण मी तुम्हाला ऐकताना पाहिलं आहे. दत्तजयंतीला गुरुमंदिरात कीर्तन उभं राहिलं की मध्यरात्रीपर्यंत मांडी न मोडणारी माणसं तुमचीच. तुकडोजी महाराजांच्या नुसत्या खंजिरीवर हजारोंच्या सभा गप्प बसायच्या असं माझी आजी सांगायची, ती त्यातली एक होती. पोहरादेवीला बंजारा समाजाच्या नंगारा वाद्याला मानाचं घर मिळालं, ५ ऑक्टोबर २०२४ला तिथलं संग्रहालय सुरू झालं. मला मनापासून आनंद झाला, आणि तो नंगारा नुसता ठेवायला नाही, होळीला लेंगी म्हणताना तांडा रात्रभर त्याच्या ठेक्यावर असतो. ऐकायची सवय तुमच्या रक्तात आहे. मग माझ्याच वेळेला ती कुठं गेली? मला वाटतं, तुम्ही मला ऐकायला बोलावलंच नव्हतं. तुम्ही एक अमेरिका बोलावली होती. सतार हातात नसती, किराणा दुकान असतं, तरी तेच सत्तावीस सत्कार, तोच पुतळा. मी कारंज्याची पोट्टी आहे, गुरुजींच्या माडीवरची, हे त्या मांडवात कुणाला नको होतं.

माझ्यातही खोट आहे. दहा वेळा कारंज्यात आले, दहाही वेळा सतार पेटीत ठेवली, कधी ओसरीवर बसून चार शेजाऱ्यांना वाजवून दाखवलं नाही. काकूंच्या 'काम काय करतं' ह्या प्रश्नाला सतार काढून उत्तर देता आलं असतं. मी हसत बसले. बोलावणं यायची वाट पाहिली, तीही मांडवातून. ओसरीवर बसायला माझाही अहंकार आड आला असेल.

म्हणून आता मागणं. ह्या डिसेंबरात मी येते आहे, २० तारखेनंतर. कुणाच्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, काहीही चालेल. माइक नको. फ्लेक्स नको. शाल, नारळ, पुतळा काही नको. ओटी भरायचीच असेल तर नंतर घरी येऊन भरा, आई चहा करेल. सतरंज्या हव्यात. कारंज्यात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो. तुम्ही पाचला येऊन बसा, मी लावत असेन. तरफा लावताना टाळ्या वाजवू नका, किंवा वाजवा, हरकत नाही, पण नंतर दोन तास उठू नका. दहा माणसं आली तरी मी वाजवेन. दोन आली तरी. साहेब आले तर त्यांना सतरंजीवर जागा द्या.

अकोल्याच्या तबलजींना मी फोन केला आहे. ते यायला तयार आहेत. त्यांचं मानधन ह्या वेळी तुम्ही द्यायचं आहे, आणि मागचंही.

तुमचीच,
माहेरवाशीण

ता. क. जनरेटर सांभाळणाऱ्या त्या मुलाचं नाव विचारायचं राहून गेलं. कुणाकडे त्याचा नंबर असेल तर कळवा. त्याला जनरेटर न आणता यायला सांगायचं आहे.